अ‍ॅडव्हान्स टॅक्स: हिशेब सल्लागाराचा, पैसे दुकानदाराच्या हातून
वडनेर भोलजीतील किराणा दुकान असो वा कृषी सेवा केंद्र, टीडीएस वजा जाता वर्षाचा प्राप्तिकर १० हजार रुपये किंवा अधिक होत असेल, तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे चार हप्ते; अंदाजित नफ्याची योजना घेणाऱ्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच. चुकल्यास महिन्याला १ टक्का व्याज.

मग तो सल्लागारानेच भरावा का? हिशेब आणि तारखेची आठवण हे त्याचेच काम; रिटर्न भरताना व्याज सांगून उपयोग नाही. पण पासवर्ड, ओटीपी किंवा रोख रक्कम त्याच्या हाती नको. पीक बुडाले, विक्री घटली, हे आधी दुकानदाराला कळते. सल्लागाराने पोर्टलवर चलन तयार करावे. पैसे दुकानदाराने भरावेत, पावती जपावी.