डान्सबार बंदी: कोर्टात हरूनही सरकार राजकारणात जिंकतं कसं?

रात्री एखाद्या बारवर छापा पडतो. सकाळी बातमी येते, 'डान्सबारवर धाड, बारबालांची सुटका'. सोबत व्हिडिओ असतो. त्यात ओढणीने तोंड झाकलेल्या मुली एकामागून एक पोलिसांच्या गाडीत चढताना दिसतात. व्हिडिओ व्हायरल होतो. त्या केसचं पुढे कोर्टात काय झालं, ही बातमी मात्र सहसा कुणी देत नाही.

महाराष्ट्रात हे २००५ पासून चालू आहे. या काळात सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला तीनदा झटका दिला. तरीही सरकार कोणत्याही पक्षाचं असो, भूमिका बदलली नाही. असं का?

सुरुवात कशी झाली?

२००५ मध्ये राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि आर. आर. पाटील गृहमंत्री होते. डान्सबारमुळे तरुण पोरं पैसे उधळतात, संसार मोडतात, बायकांचं शोषण होतं आणि गुन्हेगारी वाढते, असं सरकारचं म्हणणं होतं. मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही नवी कलमं आली. विधिमंडळाने एकमताने मंजुरी दिली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी लागू झाली.

पण खरी मेख ३३ब मध्ये होती. थ्री स्टार आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने यांना बंदीतून सूट होती. म्हणजे साध्या परमिट रूममधला नाच समाज बिघडवतो, आणि तोच नाच महागड्या हॉटेलात चालतो.

मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. बंदी समानतेच्या आणि व्यवसायाच्या हक्कावर गदा आणते, असं सांगत कोर्टाने ती रद्द केली. सरकार अपिलात गेलं. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचाच निकाल कायम ठेवला.

मग सरकारने काय केलं?

२०१४ मध्ये सरकारने कायदा पुन्हा बदलला. कोर्टाने भेदभाव दाखवून दिला होता, तेव्हा सरकारने मोठ्या हॉटेलांची सूटच काढून टाकली. आता बंदी सगळ्यांनाच. हे विधेयकही एकमताने मंजूर झालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

तोवर राज्यात भाजप-शिवसेनेचं सरकार आलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी स्वतंत्र कायदा आणला, तोही एकमताने. यात थेट बंदी नव्हती, पण अटी अशा होत्या की परवाना मिळणंच अवघड. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतर हवं, नाचाच्या जागी सीसीटीव्ही हवा, तिथे दारू द्यायची नाही. मुंबईसारख्या शहरात शाळा किंवा देवळापासून एक किलोमीटर लांब जागा शोधून दाखवा!

१७ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने यातल्या बऱ्याच अटी रद्द केल्या. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ आणि पैसे उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. हातात टिप द्यायला मात्र परवानगी दिली. २००५ पासून एकही परवाना दिला गेलेला नाही, याकडेही कोर्टाने लक्ष वेधलं.

'अश्लील' कोण ठरवणार?

२०१६ च्या कायद्यात 'अश्लील नृत्या'ची व्याख्या आहे आणि ती कोर्टाने कायम ठेवली. पण प्रत्यक्षात छाप्याच्या रात्री ती व्याख्या लावतो तो तिथला पोलीस अधिकारी.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड भागातलं उदाहरण बघा. २०२३ मध्ये एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा टाकला. तोकड्या कपड्यांत महिला नाचत होत्या म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा नोंदवला. या कलमासाठी कृत्य नुसतं अश्लील असून भागत नाही, त्याचा दुसऱ्या कुणाला तरी त्रास झाला पाहिजे. इथे तसं काही समोर आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणं म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

पण छाप्याचा गाजावाजा तोवर होऊन गेलेला असतो.

राजकारण्यांचा हिशोब

तिन्ही वेळा विधेयक एकमताने मंजूर झालं, यातच उत्तर आहे. 'डान्सबारच्या बाजूचा आमदार' हा शिक्का कुणालाच नको असतो. कायदा केला की टाळ्या मिळतात. कोर्टाने तो रद्द केला की 'आम्ही प्रयत्न केला, कोर्टाने अडवलं' म्हणता येतं. दोन्हीकडून फायदाच.

सरकारच्या सगळ्या चिंता खोट्या होत्या, असं नाही. अल्पवयीन मुलींना या धंद्यात आणणं, मानवी तस्करी, बारमालकांकडून होणारी पिळवणूक हे गंभीर प्रश्न आहेत. महिला संघटनांमध्येही बंदीवरून दोन गट होते. पण तस्करी आणि अल्पवयीनांच्या शोषणाविरुद्ध स्वतंत्र, कडक कायदे आधीपासून आहेत. ते वापरायचे तर तपास करावा लागतो, साक्षीदार जपावे लागतात, वर्षानुवर्षं केस लढावी लागते. त्या मानाने बंदी सोपी.

किंमत कुणी मोजली?

बंदीमुळे सुमारे ७५ हजार महिलांचं काम गेलं, असा आकडा कोर्टात मांडला गेला. त्यांच्या पुनर्वसनाची ठोस व्यवस्था झाली नाही. उलट अनेकींना नाइलाजाने वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं, याची दखल सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या निकालात घेतली. बार पूर्ण बंदही झाले नाहीत. कित्येक ठिकाणी 'ऑर्केस्ट्रा बार' अशी पाटी लागली आणि आत नाच चालू राहिला. जे काम कागदावर नाही, तिथे पगाराची, सुरक्षेची तक्रार बाईने कुठे करायची?

२०१६ च्या कायद्याच्या नावातच 'महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण' हे शब्द आहेत. पुढच्या वेळी छाप्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी त्यातल्या ओढणीआडच्या चेहऱ्यांकडे बघा. ज्यांची प्रतिष्ठा जपण्यासाठी कायदा झाला, त्या याच बायका आहेत.