पायाला क्रीम नको, बसायला स्टूल द्या




पायांवरच्या निळ्या-जांभळ्या बारीक शिरा घालवणाऱ्या आणि थकल्या पायांना जोम देणाऱ्या क्रीमच्या जाहिराती सध्या टीव्हीवर, मोबाइलवर, औषधाच्या दुकानात सगळीकडे दिसतात. मी शस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ओळखीच्या बायका अजूनही ट्यूब हातात घेऊन येतात, ‘सिस्टर, हे लावू का?’ म्हणून विचारतात. त्यांतल्या बऱ्याच जणी साडीच्या दुकानात, मॉलमध्ये, पोळीभाजी केंद्रात दिवसभर उभ्या असतात. लावायला हरकत नाही, असं मी सांगते. पण त्या ट्यूबकडून जी आशा धरायला त्यांना शिकवलं जातंय, तिला माझी ठाम हरकत आहे.

पायातलं रक्त वर हृदयाकडे पाठवण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले जातात, शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की पोटरीची ही हालचाल थांबते. रक्त साचतं, शिरांवरचा दाब वाढतो, संध्याकाळी पाय भरून येतात. त्यात आनुवंशिकता, बाळंतपणं, वय आणि वजन यांची भर पडते. कातडीतल्या एक मिलिमीटरहून बारीक शिरा फुगून जाळं दिसू लागलं की त्यांना स्पायडर व्हेन्स म्हणतात. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, वेड्यावाकड्या वर आलेल्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. पहिल्यांचा त्रास बहुधा दिसण्यापुरताच असतो. दुसऱ्यांकडे दुर्लक्ष केलं तर घोट्यावरची कातडी काळवंडते, खाजते आणि पुढे अशी जखम होऊ शकते जी महिनोन्‌महिने भरत नाही. अशा जखमांचं ड्रेसिंग मी केलेलं आहे, म्हणूनच हे पत्र.

क्रीम काय करतं? त्यात मेंथॉल असेल तर ते कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि पाय गार पडल्यासारखं वाटतं. शिवाय क्रीम लावायच्या निमित्ताने ती बाई दिवसात पहिल्यांदा बसते, पाय वर घेते, पोटरी चोळते. तिला मिळणारा आराम खरा आहे आणि तो तिला मिळायलाच हवा. पण वरून लावून फुगलेली शीर बंद होत नाही, बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. वेष्टनावर अनेकदा हॉर्स चेस्टनटच्या बियांच्या अर्काचं नाव असतं. या अर्कावर संशोधन झालंय हे खरं. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात थोड्या काळासाठी पायदुखी आणि सूज कमी होत असल्याचं दिसलं, मात्र ते पोटात घ्यायच्या औषधाबद्दल. त्याचा दाखला देऊन कातडीवर चोळायचं मलम विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

स्पायडर व्हेन्स नकोच असतील तर डॉक्टर त्या शिरेत पोलिडोकॅनॉलसारख्या औषधाचं बारीक इंजेक्शन देतात. शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत ती दिसेनाशी होऊ लागते. लेझरही वापरतात. पाय रोज सुजत असतील तर आधी शिरांतलं रक्त कसं वाहतं हे पाहणारी डॉपलर तपासणी करावी आणि मापाचे घट्ट मोजे घ्यावेत. ते सकाळी पाय सुजायच्या आत चढवायचे असतात. मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर मात्र डॉक्टरांनी पाय पाहिल्याशिवाय ते घालू नयेत. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर मालीश अजिबात करू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही ओळ मला एकाही जाहिरातीत दिसलेली नाही.

1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत. रूप खुलवण्यासाठी वापरायचं ते प्रसाधन आणि रोगावर उपचार म्हणून वापरायचं ते औषध. प्रसाधन म्हणून बाजारात आणलेल्या वस्तूने शिरा बऱ्या करण्याची भाषा बोलू नये, हे अन्न व औषध प्रशासनाने पाहायला हवं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणारे प्रसिद्ध चेहरेही त्यातून सुटत नाहीत. वाचकांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर करावी.

तरीही माझी मुख्य मागणी दुकानदारांकडे आणि सरकारकडे आहे. मालकाने उभं ठेवायचं आणि त्याचा खर्च बाईने पगारातून ट्यूब घेऊन भागवायचा, ही कुठली रीत? उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 44 व्या कलमात लिहिलेलं होतं. म्हणजे ही काही नवी चैन नाही. कोझिकोडेच्या दुकानांतल्या बायकांनी ‘पेनकूट्टू’ या संघटनेमार्फत बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात तो हक्क घातला. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. आपल्याकडे काही मालक म्हणतात, गिऱ्हाईक आल्यावर विक्रेती बसलेली दिसली तर बरं दिसत नाही. गिऱ्हाईक समोर असताना बसू द्या, असं कोण म्हणतंय? दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या दहा मिनिटांत तिला टेकू द्या, आठ-दहा पावलं चालू द्या, टाचा उचलू द्या. मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून सांगते, समोरची मुलगी बसलेली दिसली म्हणून कुणी साडी न घेता परत जात नाही.

लग्नसराई सुरू व्हायच्या आत कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी मोठ्या साडी दुकानांत न कळवता जावं. काउंटरमागे स्टूल आहे का ते पाहावं आणि त्यावर बसलेल्या मुलीला कुणी उठवत नाही ना, हे तिलाच बाजूला घेऊन विचारावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा