कुंड्या फेकू नका, ताटल्या घासा

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक मुलगा आईला घेऊन आला. मावशींचं वय ७२. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला होता, तो बऱ्यापैकी सुधारला होता. आता बोटं पुन्हा आखडू लागलेली, झोप नाही, जेवणावर वासना नाही. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. बोलता बोलता उलगडा झाला. डेंग्यूच्या भीतीने सोसायटीने सगळ्यांना गॅलरीतल्या कुंड्या काढायला लावल्या होत्या. मावशींच्या अकरा कुंड्या गेल्या. ‘‘सकाळी उठून आता करू काय, डॉक्टर?’’ त्या म्हणाल्या.

सोसायटीची भीती खोटी नाही. पावसाळ्यात आमचे वॉर्ड डेंग्यूच्या रुग्णांनी भरतात आणि एडिस डासाला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी पुरतं. कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पण बहुतेक जण इथेच चुकतात. ते पाणी ओततात आणि ताटली तशीच परत ठेवतात. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे ताटली काथ्याने खसखसून घासायला हवी. एवढं केलं तर कुंड्या काढायची गरज नाही. (नोटीस लावणाऱ्यांनी आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकणही एकदा पाहून यावं.)

कुंडी गेली की काय जातं, हे मात्र नोटिशीत येत नाही. कोथिंबीर लावायची तर धने लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करायच्या, चिमटीने पेरायच्या, माती बोटांनी दाबायची. अंगठा आणि तर्जनीची हीच चिमूट पक्षाघातानंतर सगळ्यात उशिरा परत येते. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम आम्ही लिहून देतो, चार दिवसांत रुग्ण कंटाळतो. धन्यांना मात्र आठ-दहा दिवसांनी कोंब येतात, ते बघायला माणूस रोज उठतो. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. हाताला अर्थ असलेलं काम द्यायचं, हेच त्या शास्त्राचं मूळ. विणकाम-सुतारकाम ही त्याची जुनी साधनं.

गॅलरीच नसेल तर? दहा बाय दहाच्या खोलीतही जुन्या लुगड्यांची गोधडी शिवता येते. धावदोऱ्याचा एकेक टाका म्हणजे तीच चिमूट. वीस मिनिटं शिवावं, मग मान आणि डोळे मोकळे करावेत. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल त्यांनी शिवताना बोटात अंगुस्तान घालावं आणि कुंड्यांत काम करताना हातमोजे व चपला. टोचलेलं त्यांना कळत नाही आणि जखम चिघळूनच आमच्याकडे येते. मातीत हात घालणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. आणि हो, गोधडी शिवतो म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करू नये. असे दोघे मी पाहिलेत.

ओली माती भरलेली मोठी कुंडी उचलणं मावशींना झेपणार नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला, तीन लहान कुंड्या ठेवायचं ठरलं. कोथिंबीर, मेथी, पुदिना. केसपेपरवर गोळ्यांच्या खाली मी लिहिलं : ‘तीन कुंड्या. दर रविवारी ताटल्या घासणे, उजव्या हाताने.’

मुलाने विचारलं, हा कागद सेक्रेटरींना दाखवला तर चालेल का? मी त्यावर शिक्का मारून दिला.