'खोटी' कुस्ती आणि खरी माणसे : डब्ल्यूडब्ल्यूएफ, १९८६ ते १९९६

१/ नव्वदच्या दशकातील ट्रम्प कार्डांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली की त्यांखाली दोन सूर हमखास उमटतात. पहिला स्मरणरंजनाचा : "काय ते दिवस होते!" दुसरा शहाणपणाचा : "अहो, ते सगळे खोटेच होते." स्मरणरंजनाबद्दल माझी तक्रार नाही. या थ्रेडमधील वाद दुसऱ्या सुराशी आहे, कारण 'खोटे होते' असे म्हणून आपण ज्या प्रकरणावर पडदा टाकतो, ते पुरेसे खरे होते.

२/ निकाल आधी ठरवून खेळलेल्या लढतीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात. आखाड्याची परंपरा असलेल्या समाजाला ती फसवणूक वाटावी, हे स्वाभाविक आहे. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मात्र हे गुपित जपण्याची एक आचारसंहिताच होती. तिला 'केफेब' म्हणत. खलनायक आणि नायक लोकांसमोर एकत्र जेवायलाही बसत नसत.

३/ हे गुपित कोणा शोधपत्रकाराने फोडले, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगितले की, हा खेळ नसून करमणूक आहे. हा प्रामाणिकपणाचा झटका नव्हता. खेळ म्हटला की राज्याचे क्रीडा नियामक मंडळ आले, परवाने आले, लढतीपूर्वीची वैद्यकीय तपासणी आली, कर आला. करमणूक म्हटली की हे सारे टळत होते.

४/ म्हणजे 'ते खोटे होते' हे आपण आज मोठ्या चातुर्याने उच्चारतो ते वाक्य मुळात कंपनीच्या सोयीचे होते. लढतीचा निकाल ठरलेला असतो. पाठीवर आदळणारे शरीर ठरवून आदळले तरी आदळतेच. तपासणी नाकारली गेली ती त्या शरीराची.

५/ येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे : नियामक मंडळे तरी कोठे धुतल्या तांदळासारखी होती? पेनसिल्व्हेनियात मंडळाने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमांसाठी नेमलेले डॉक्टर जॉर्ज झाहोरियन हेच कुस्तीगिरांना स्टेरॉइड पुरवत होते. जून १९९१ मध्ये संघराज्य न्यायालयात ते दोषी ठरले. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो देखरेख सुधारण्याचा. ती मोडीत काढण्याचे समर्थन यातून होत नाही.

६/ लगेच जुलै १९९१ मध्ये हल्क होगन आर्सेनियो हॉल यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले. आपण दुखापतीच्या उपचारापुरतेच स्टेरॉइड घेतल्याचे त्यांनी सांगितले. लहान मुलांना व्यायाम, प्रार्थना आणि जीवनसत्त्वे यांचा उपदेश करणारा हा नायक. जुलै १९९४ मध्ये, खटल्यापासून संरक्षण मिळाल्यावर, त्यांनीच शपथेवर अनेक वर्षांच्या स्टेरॉइड-सेवनाची कबुली दिली. केफेब आखाड्यापुरते मर्यादित नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

७/ दरम्यान मार्च १९९२ मध्ये याहून गंभीर आरोप पुढे आले. आखाडा उभारण्याच्या कामासाठी येणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे ते आरोप होते. तीन व्यक्ती कंपनीतून बाहेर पडल्या. त्यांतील एक पुढे परतलीही. न्यूयॉर्क पोस्टचे स्तंभलेखक फिल मश्निक यांनी हा विषय लावून धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेरीलँडमध्ये याच काळाविषयी दिवाणी दावा दाखल झाला आहे. आरोप नाकारण्यात आले आहेत आणि न्यायनिवाडा हे आपले काम नाही. पण तीन दशके उलटल्यावरही माणसे न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हा 'ते सगळे खोटेच होते' हे वाक्य किती उथळ आहे, ते कळते.

८/ नोव्हेंबर १९९३ मध्ये कंपनीचे प्रमुख व्हिन्स मॅकमन यांच्यावर स्टेरॉइड वितरणाच्या कटाचा आरोप ठेवला गेला. २२ जुलै १९९४ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. मॅकमन यांनी आपल्याला कधीही स्टेरॉइड घेण्याचा आदेश दिला नाही, अशी साक्ष होगन यांनी दिली होती. निकाल मान्य. मात्र 'निर्दोष सुटले, म्हणजे काही घडलेच नाही' हे अनुमान इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. न्यायालयापुढील प्रश्न होता : या माणसाने कट केला का? आपल्यापुढील प्रश्न वेगळा आहे : आदेश न देताही शेकडो शरीरे फुगवून घेणारी व्यवस्था कशी चालत होती?

९/ त्याचे उत्तर स्टेरॉइडच्या बाटलीत नाही, करारपत्रात आहे. कुस्तीगीर हा कंपनीचा कर्मचारी नव्हे, तर 'स्वतंत्र कंत्राटदार' मानला जाई. प्रतिस्पर्धी कंपनीत काम करण्याचे स्वातंत्र्य नाही, कोणत्या गावी केव्हा उतरायचे ते कंपनी ठरवणार, हार-जीतही तीच ठरवणार. स्वतंत्र काय ते आजारपण आणि विम्याचा खर्च. मोठे शरीर असेल त्याला वरची लढत आणि अधिक पैसा, हे दिसत असताना आदेशाची गरजच काय?

१०/ १९८६ मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास, जेसी व्हेन्चुरा यांनी सहकाऱ्यांपुढे संघटनेचा विषय काढला. ती बातमी मॅकमन यांच्यापर्यंत पोहोचली. ती कोणी पोहोचवली, हे व्हेन्चुरा यांना पुढे चित्रफितींच्या मानधनाच्या दाव्यात मॅकमन यांच्याच साक्षीतून कळले : होगन यांनी. तो दावा व्हेन्चुरा यांनी १९९४ मध्ये जिंकला आणि सुमारे आठ लाख दहा हजार डॉलर मिळवले. संघटना मात्र झाली नाही. माझ्या मते या संपूर्ण कालखंडातील निर्णायक घटना हीच होय, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते.

११/ संघटना नसल्याचा परिणाम काय झाला? नव्वदीच्या आरंभी, टीकेच्या दडपणाखाली, कंपनीने स्टेरॉइड-चाचण्या सुरू केल्या. १९९६ मध्ये खर्चाचे कारण देऊन त्या आवरल्या. पुन्हा धोरण आले ते २००६ मध्ये, नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो यांचा वयाच्या ३८व्या वर्षी मृत्यू झाल्यानंतर. मालकाच्या मर्जीने मिळालेले संरक्षण मालकाच्या मर्जीने जाते, हे गिरणगावाचा इतिहास वाचलेल्यांना मी निराळे सांगायला नको.

१२/ आता पुन्हा ट्रम्प कार्डांकडे. माझ्या मावसभावाने मला दिलेला संच अजून रबर लावून जपलेला आहे. उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचे कार्ड घ्यावे. आपण मुले ज्या नियमाने खेळत होतो, त्याच नियमाने त्या धंद्यात माणसांची किंमत ठरत होती. कार्डांवरील आकडे कितपत खरे, हा प्रश्न दुय्यम आहे. ते आकडे वाढवण्यासाठी कोणी काय मोजले, हा प्रश्न मुख्य आहे.

१३/ तेव्हा ही कार्डे जरूर जपा, पण साधन म्हणून वाचा. आणि कोणी "ते खोटे होते" म्हणाले, तर एवढेच विचारा : निकाल खोटा होता हे मान्य, पण जखम कोणाची होती? मतभेद असल्यास पुराव्यासह अवश्य मांडावेत. थ्रेड समाप्त.