आजार परतल्यावरची इयादत

रमजानच्या महिन्यात सब्र हा शब्द वारंवार कानावर पडतो. दिवसभराची तहान-भूक मगरिबच्या अजानला संपते. त्या सब्राची वेळ छापील तक्त्यात असते. मेंदूचा कर्करोग परतलेल्या घरातल्या सब्राला असा तक्ता नसतो.

पहिल्या आजारात घर लढायला उभे राहते. धाराशिव, कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा, कुठलेही गाव असो, माणसे पैसे गोळा करतात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा थेट परळच्या टाटात जातात. ऑपरेशन होते, सहा आठवडे शेक घेतला जातो, गोळ्या चालू होतात. रुग्ण घरी येतो, पेढे वाटले जातात. मग एखाद्या सकाळी पुन्हा डोके दुखते, उलटी होते, फिट येते, हातातला पेला निसटतो. एमआरआय होतो आणि सगळ्यांची तोंडे बंद होतात.

ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूच्या कर्करोगाचा सर्वांत आक्रमक प्रकार. तो बहुतेक रुग्णांत परततो आणि बहुधा जुन्या जागेच्या आसपासच. त्याची मुळे निरोगी मेंदूत पसरलेली असतात, ती सगळी कापून काढता येत नाहीत. त्यामुळे आजार परतला म्हणजे डॉक्टर चुकले, पथ्य मोडले, सुनेने हयगय केली किंवा दुआ कमी पडली, असे नसते. दर्ग्यात चादर चढवणाऱ्याने आणि तुळजाभवानीला नवस बोलणाऱ्याने स्वतःला दोषी धरू नये. काही वेळा शेकाचा परिणामही एमआरआयमध्ये गाठीसारखा दिसतो. म्हणून निष्कर्ष काढण्याची घाई नको.

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती लपवण्यात. ‘त्याला सांगू नका, खचेल’ असे ठरते. पण घरातली कुजबुज रुग्णाला कळतेच. तो घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो, घरचे त्याला जपण्यासाठी. या आजारात बोलणे, आठवण, स्वभावही बदलू शकतो. पुढे सांगायचे म्हटले तरी शब्द सापडणार नाहीत, असा दिवस येऊ शकतो. देणे-घेणे, मुलीचे शिक्षण, कुणाची मागायची राहिलेली माफी, हे बोलायचे तर शुद्ध आहे तोवरच. किती ऐकायचे आहे, हे रुग्णाला विचारावे आणि तेवढे खरे सांगावे. सब्र म्हणजे मुकेपणा नव्हे.

दुसरा प्रश्न पैशांचा. पहिल्या वेळी दागिने गेलेले असतात, दुसऱ्या वेळी शेतावर नजर जाते. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा शेक, दुसरी औषधे हे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला ते लागू पडत नाहीत. जमीन विकण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे: याने किती दिवस वाढतील, ते कसे जातील, उपचार नाही केला तर त्रास कमी कसा ठेवायचा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, याचीही चौकशी करावी. वेदना आणि त्रास कमी ठेवणारी पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे हात वर करणे नव्हे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून हेच काम करते आहे. जिल्ह्या-जिल्ह्यात, गावाजवळ अशी सोय मिळावी ही मागणी कुठल्याही पक्षाने उचलावी.

रोजाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे. बरा झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. बरे होण्याची आशा नसेल तर फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावे. फिटची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. मेंदूची सूज उतरवणारे स्टेरॉइड अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. ‘एवढा एक रोजा’ म्हणून हट्ट धरणाऱ्या रुग्णाला मौलानांनीच समजवावे. हीच गोष्ट नवरात्रात उपवास धरणाऱ्या बाईला तिच्या घरच्यांनी सांगावी.

राहिला शेजार. आजाऱ्याला भेटायला जाणे, म्हणजे इयादत, हे मुसलमानावर शेजाऱ्याचे देणे मानले आहे. पहिल्या वेळी दाराशी चपलांचा ढीग असतो. दुसऱ्या वेळी माणसे वाट बदलतात, कारण काय बोलावे हे कळत नाही. काही बोलू नये. उशाशी जागणाऱ्या बायकोला चार तास झोपू द्यावे, मुलांना शाळेत सोडावे, रिपोर्ट घेऊन कुणीतरी मुंबईला जावे. सदका देताना नाव-धर्म विचारला जात नाही. या महिन्यात खिशातून निघणाऱ्या रकमेतला थोडा भाग आपल्या गल्लीतल्या अशा घराच्या प्रवासखर्चाला आणि औषधाला जावा. ईद झाल्यावर, शिरखुर्म्याची भांडी धुऊन ठेवल्यावरही, त्या घरी जाणे चालू राहावे. तिथला सब्र महिनाभराचा नाही.