जगाचा गोल आणि गावाची वेस

सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळा असो वा बीड जिल्ह्यातील एखादी वाडी, भ्रमणध्वनी आज सर्वत्र पोहोचला आहे. 2005 साली ‘गूगल अर्थ’ आले. 2009 साली ‘इस्रो’ने ‘भुवन’ खुले केले. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवावा आणि हव्या त्या देशात उतरावे, ही सोय त्यामुळे सामान्य घरातील मुलालाही लाभली. प्रश्न एवढाच, की या सोयीतून मूल भूगोल शिकते काय?

राजधान्या आणि ध्वज ओळखण्याचे खेळ पुष्कळ आहेत. त्यातून पाठांतर होते, मात्र कार्यकारणभाव कळत नाही. त्यासाठी प्रारंभ आपल्या वेशीपासून करावा. चौसाळा साडेअठरा ते एकोणीस उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येते. याच पट्ट्यातून बोट पश्चिमेकडे सरकवले की अरबी समुद्र ओलांडून अरबस्तानचे वाळवंट, सुदानमधील नाईलचा काठ आणि पुढे सहारा लागतो. पूर्वेकडे थायलंडमधील हिरवेगार चिआंग माई भेटते. अक्षांश एकच, मग कोठे वाळवंट आणि कोठे वनराई, असे का? या एका प्रश्नातून मोसमी वाऱ्यांचे महत्त्व मुलाच्या ध्यानी येते. सह्याद्री तिरपा करून पाहिला, तर कोकणात कोसळणारा पाऊस बीडला का तुटपुंजा पडतो, हेही उमगते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पश्चिमेचा समुद्र जवळ असता पूर्वेला गोदावरीकडे का जाते? पठाराचा उतार पाहा, उत्तर तेथेच आहे.

भिंतीवरच्या नकाशाने रुजवलेले भ्रमही हा गोल दूर करतो. मर्केटरने 1569 साली नाविकांसाठी योजलेल्या पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट आहे.

एका बाबतीत मात्र पालकांनी सावध असावे. गूगलच्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा भारतातून पाहताना सलग दिसते, तर परदेशातून पाहताना तीच तुटक रेषांनी ‘वादग्रस्त’ म्हणून दाखविली जाते. परदेशी बनावटीच्या कित्येक खेळांतही भारताचा शिरोभाग अपुरा असतो. कोवळ्या वयात डोळ्यांसमोर ठसलेली आकृती सहजी पुसत नाही. म्हणून 1767 साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा अधिकृत नकाशा घरात असावा आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांशी बोलावे. नकाशा कोण काढतो आणि कोणासाठी, हे कळणे हादेखील भूगोलच होय.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दरवर्षी आईवडिलांसमवेत पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात. शाळा मागे राहते, घरातला भ्रमणध्वनी मात्र फडापर्यंत सोबत असतो. त्यावर निव्वळ करमणुकीच्या चित्रफिती पाहिल्या जाणार, की आपण कोठून निघालो, किती नद्या ओलांडल्या आणि येथे ऊस का पिकतो हे शोधले जाणार, हे शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसावर अवलंबून आहे. यंत्र चित्र दाखवील, ‘का?’ हा प्रश्न माणसानेच विचारावा लागतो. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक तास या मुलांसाठी राखून ठेवला, तरी प्रारंभ होईल. गावाची वेस ज्याला नीट कळली, त्याला जगाचा गोल परका राहत नाही.