१०८ मिनिटे आणि १७ वर्षे

आष्टीच्या बसस्थानकासमोरील चहाच्या टपरीवर परवा संध्याकाळी चार युवक एकाच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर माना घालून बसले होते. पहाटे अंधारात रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी, सैन्यभरतीची स्वप्ने पाहणारी ही मुले. दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक असलेल्या आमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या कोयत्यापासून सुटका करून घेण्याचे जे दोन-चार मार्ग आहेत, त्यांत वर्दी हा सर्वांत मानाचा. मुले पाहत होती 'द बोर्न सुप्रीमसी' हा २००४ चा इंग्रजी चित्रपट.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकी गुप्तचर संस्थेचा एक माजी हेर आपल्या गोव्यात लपून राहतो आहे. तिकडे बर्लिनमध्ये दोन माणसांचे खून होतात आणि घटनास्थळी त्याच्या बोटाचा ठसा मुद्दाम ठेवला जातो. ज्या संस्थेसाठी त्याने आयुष्य पणाला लावले, तीच संस्था त्याला खुनी समजून त्याच्या मागे लागते. तो गोव्यातून निघतो, नेपल्स, बर्लिन, मॉस्को पालथे घालतो, कट करणाऱ्या वरिष्ठाचा कबुलीजबाब ध्वनिफितीवर घेतो आणि कलंक धुऊन टाकतो. चित्रपटाची लांबी १०८ मिनिटे.

एका मुलाने मान वर करून विचारले, ''काका, आपल्याकडं असं कुणासंगं झालंय का हो?''

मी म्हणालो, ''झालंय. पण आपल्याकडचा खेळ १०८ मिनिटांत संपला नाही. सतरा वर्षं चालला.''

मुलांना लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित हे नाव ठाऊक नव्हते. त्यांचा दोष नाही. स्फोट झाला तेव्हा ती पाळण्यात होती. पण ज्यांना ठाऊक होते, त्या आपण सर्वांनी या सतरा वर्षांत काय केले, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

एक आरोप, दोन आरोपपत्रे

२९ सप्टेंबर २००८. रमजानचा महिना आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मालेगावच्या भिक्कू चौकात रात्री दुचाकीवर स्फोट झाला. सहा निरपराध माणसे गेली, नव्वदहून अधिक जखमी झाली. हा स्फोट नीच होता, करणारा कोणीही असो. हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. कारण पुढे जे काही लिहायचे आहे, त्याचा आधार हाच आहे.

महिनाभरात राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लष्करी गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या पुरोहित यांना अटक केली. सेवेत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यास दहशतवादाच्या आरोपाखाली अटक होण्याचा हा अपूर्व प्रसंग. काश्मीरमधून आरडीएक्स आणले, घरी बॉम्ब जोडला, 'अभिनव भारत' या संघटनेमार्फत कट रचला, असे आरोप. पुरोहित यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते: मी त्या बैठकांना गेलो तो माहिती काढण्यासाठी, आणि ती माहिती वरिष्ठांना दिली.

पुढचा प्रवास पाहा. संघटित गुन्हेगारीविरोधी 'मोक्का' कायदा लावला गेला, विशेष न्यायालयाने तो २००९ मध्ये काढला, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पुन्हा लावला. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०१६ मध्ये तिने पुरवणी आरोपपत्र सादर केले आणि 'मोक्का' लावण्यासच आक्षेप घेतला. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुरोहित यांना जामीन देताना दोन यंत्रणांच्या आरोपपत्रांतील विसंगतींवर नेमके बोट ठेवले. एकच स्फोट, तेच मृत, तीच दुचाकी. आणि दोन सरकारी यंत्रणांच्या दोन कहाण्या! तोवर या अधिकाऱ्याची जवळजवळ नऊ वर्षे कारागृहात गेली होती. आरोपनिश्चिती झाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे अटकेनंतर दहा वर्षांनी.

अखेर ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ३२३ साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक फिरले. पुरोहित यांच्या घरी आरडीएक्स साठवल्याचा वा त्यांनी बॉम्ब जोडल्याचा पुरावा न्यायालयाला आढळला नाही. स्फोट त्याच दुचाकीत झाला आणि ती साध्वींचीच होती, हेही सिद्ध झाले नाही. घटनास्थळाचा पंचनामा सदोष, नमुने दूषित. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असा या निकालाचा मथितार्थ आहे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सैन्याने पुरोहित यांना कर्नलपदी बढती दिली.

न्यायालयाने आरोपींना दिला तो संशयाचा फायदा, असे काही जण तत्परतेने दाखवून देतात. खरे आहे. मृतांच्या आप्तांनी उच्च न्यायालयात अपील केले आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण हेच गृहस्थ २००८ साली कोणता संशय शिल्लक ठेवत होते? आरोपपत्र येण्याआधीच ज्यांनी फाशी सुनावली होती, त्यांना आता 'संशयाचा फायदा' या शब्दप्रयोगातील काना-मात्रा आठवावा, यासारखा विनोद नाही.

शब्द कोणी घडवला?

कारण या खटल्यात केवळ सात माणसे पिंजऱ्यात उभी नव्हती. ऑगस्ट २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पोलीस प्रमुखांच्या परिषदेत 'भगवा दहशतवाद' हा शब्द वापरला. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या जागी आलेले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी जयपूरच्या अधिवेशनात त्यावर कळस चढवला आणि पुढच्याच महिन्यात खेदही व्यक्त केला. खेद व्यक्त झाला. शब्द मात्र परत आला नाही. ज्या भगव्याखाली वारकरी आषाढीला चालतो, त्या रंगाला खुनाचे विशेषण जोडण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला?

या शब्दाची किंमत काय, हे समजण्यासाठी २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. पुरोहित यांच्या अटकेला तेव्हा तीन आठवडे झाले होते. मुंबईवर तुटून पडलेल्या पाकिस्तानी मारेकऱ्यांच्या खिशांत हिंदू नावांची बनावट ओळखपत्रे होती. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून दिले नसते, तर त्या ओळखपत्रांवरून कोणती कहाणी रचली गेली असती? 'भगवा दहशतवादा'चे आयते नेपथ्य तर तयारच होते.

त्याच रात्री दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे धारातीर्थी पडले. त्यांच्या बलिदानाविषयी दोन मते असू शकत नाहीत. पण हुतात्म्याला वंदन करणे ही एक गोष्ट आणि त्याच्या विभागाने केलेल्या तपासाची चिकित्सा करणे ही दुसरी. पहिलीचा आडोसा करून दुसरी टाळू पाहणारे हुतात्म्याचाही उपयोगच करून घेत असतात.

आणि कसोटी एकच हवी. आमच्याच बीड जिल्ह्यातील गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याला सौदी अरेबियातून २०१२ मध्ये भारतात आणले गेले. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. म्हणून आम्ही आष्टीच्या बाजारात वर्षानुवर्षे आमच्या शेजारी बसणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याकडे संशयाने पाहिले नाही, आणि पाहूही नये. गुन्हा माणसाचा असतो. मालेगावातच २००६ मध्ये झालेल्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम युवकांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले, तेव्हाही दोषी होता तो तपासच. आधी कहाणी ठरवायची आणि मग तिला माणसे चिकटवायची, ही पद्धत आज एकाला गिळते, उद्या दुसऱ्याला.

गूढपुरुषाला वाली कोण?

आता त्या चार मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. उद्या यांतला एखादा सैन्यात गेला, हुशार निघाला, गुप्तवार्ता विभागात निवडला गेला आणि त्याला कोणी सांगितले, ''जा, त्या टोळीत मिसळ, त्यांच्यासारखा बोल, त्यांचा विश्वास कमाव,'' तर तो ज्या क्षणी त्या खोलीत पाऊल टाकेल, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने कोण असेल? देशाचा प्रहरी की कटातील आरोपी?

हेरगिरी आपल्याला नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकार सांगितले: कापटिक, उदास्थित, तापस आणि इतर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन निरनिराळ्या हेरांकडून आलेली वार्ता जुळली तरच ती मानावी, असा दंडक घातला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही दक्षता एकविसाव्या शतकातील तपासात दिसली असती, तर दोन यंत्रणांच्या दोन कहाण्या झाल्या नसत्या. शिवछत्रपतींचे बहिर्जी नाईक वेश पालटून शत्रूच्या गोटात वावरत. त्यांना बळ कशाचे होते? राजा आपल्याला ओळखतो, वेळ आली तर 'हा माझा माणूस' असे म्हणेल, या विश्वासाचे.

आजचा राजा म्हणजे राज्यघटनेने उभे केलेले शासन. त्याची स्मृती कोठे आहे? गुप्तवार्ता विभाग १८८७ पासून आणि 'रॉ' १९६८ पासून कार्यरत आहेत. पण त्यांची रचना, अधिकार आणि उत्तरदायित्व ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी तसे खाजगी विधेयक मांडले होते. ते काँग्रेसचे खासदार. पण चांगली सूचना कोणाच्या तोंडून आली, यावरून तिचे मोल ठरवण्याचे कारण नाही. ब्रिटनने १९८९ आणि १९९४ मध्ये असे कायदे केले. गुन्हेगारी टोळीत पेरलेल्या माणसाला कोणती कृत्ये करण्याची लेखी अनुमती असावी आणि त्यावर न्यायिक देखरेख कशी असावी, यासाठीही तेथे २०२१ मध्ये कायदा झाला.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पकडला गेलेला प्रत्येक जण 'मी हेर होतो' म्हणेल, मग? खटल्यासाठी पूर्वपरवानगी नव्हती, हा पुरोहित यांचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी फेटाळला. बॉम्बस्फोट घडवणे हा कर्तव्याचा भाग असू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या तर्काशी कोण वाद घालील? पण तो माणूस बैठकीला कर्तव्य म्हणून गेला की कटासाठी, याचे उत्तर सैन्याच्या कागदपत्रांत मिळायला हवे होते. ती कागदपत्रे बंद दालनात न्यायाधीशांसमोर पहिल्याच महिन्यात ठेवता आली असती. खोटे बोलत असता तर तेव्हाच उघडा पडला असता. खरे बोलत असता तर नऊ वर्षांचा तुरुंगवास वाचला असता. पंधराव्या वर्षी हा प्रश्न उच्च न्यायालयात चर्चिला जातो, ही व्यवस्था की व्यवस्थेची थट्टा?

आणि हा प्रश्न केवळ एका पक्षाला विचारून भागणार नाही. २०१४ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले. त्यानंतर निकाल लागायला अकरा वर्षे गेली. त्या काळात हेरांना संरक्षण देणारा, खोट्या तपासाचा जाब विचारणारा कायदा आपल्या विचारांच्या सरकारनेही आणला नाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटणे सोपे. पुढच्या पुरोहितांसाठी कायदा करणे कष्टाचे. आपल्यांना हे परखडपणे सांगायचे नाही, तर कोणाला सांगायचे?

इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये खोट्या हेरगिरीच्या आरोपात अटक झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाखांची भरपाई दिली आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या वर्तनाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तोच मापदंड येथे का नको? कुलभूषण जाधव या मराठी माणसाला पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावली, तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी फाशीच्या फेरविचाराचा आदेश मिळवून आला. परक्या देशाच्या तुरुंगातील आपल्या माणसासाठी जी तळमळ दाखवली, ती तळोजाच्या तुरुंगातील आपल्या अधिकाऱ्यासाठी का दाखवता आली नाही?

आणि मालेगावची ती सहा माणसे? न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना दोन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दोन लाख! त्यांना मारले कोणी, हे सतरा वर्षांनंतरही कोणी सांगू शकत नाही. चुकीची माणसे पकडण्यात वेळ दवडला असेल, तर खरा खुनी मोकळा सुटला, हाच त्याचा अर्थ. त्या घरांतल्या आईबापांचा राग आपल्या रागापेक्षा वेगळा नाही. सदोष तपासाने आरोपींची वर्षे हिरावली आणि मृतांचा न्याय हिरावला. म्हणून नव्याने तपासाची मागणी त्यांच्याआधी आपण केली पाहिजे.

टपरीवरची मुले उठताना त्यांतला एक म्हणाला, ''काका, मग हेर व्हायचं की नाही?''

''अवश्य व्हा,'' असे मी म्हणालो खरे. पण त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवणे मला जमले नाही. बोर्नपाशी ध्वनिफीत होती. आमच्या आष्टीच्या पोरापाशी काय असणार? त्याला पाठवणाऱ्या देशाचा शब्द. तो शब्द कायद्यात लिहिला जात नाही, तोवर कोणत्या तोंडाने आपण या पोरांना सीमेपलीकडच्या अंधारात पाठवणार आहोत?